लेझरने केसाची जाडी मोजताना ६ टक्के फरक येतोय – मदत हवी आहे

नववीच्या मुलांकडून विवर्तनाचा (अडथळ्याच्या कडेने प्रकाश वळण्याचा) प्रयोग करून घेतेय. पुठ्ठ्याच्या चौकटीत केस ताणून चिकटवायचा, त्यावर लाल लेझर पॉइंटर (६५० नॅनोमीटर, १ मिलिवॅटपेक्षा कमी) मारायचा. भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या इतक्या सुरेख उमटतात की मुलं हलायला तयार नसतात!

पद्धत तपासायला केसाऐवजी मोटर वाइंडिंगची ४२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तांब्याची तार लावली. तिची जाडी साधारण १०२ मायक्रॉन धरली होती. तार ते भिंत ३ मीटर. डावीकडच्या पाचव्या काळ्या पट्टीपासून उजवीकडच्या पाचवीपर्यंत १८ सेंमी, म्हणजे एका पट्टीला १८ मिमी. तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले १८ मिमी केल्यावर येतात १०८ मायक्रॉन.

तीनदा मोजलं, तार बदलली, किरण भिंतीला काटकोनात आहे हेही पाहिलं. पॉइंटरवर ±१० नॅनोमीटर लिहिलंय, पण त्याने दीड टक्काच फरक पडेल. शाळेतलं स्क्रू गेज (जाडी मोजायचं साधन) गंजलंय, नवीन आत्ता मिळणार नाही.

गेजच्या तक्त्यातली जाडी फक्त तांब्याची असते की वरच्या इनॅमलसकट (वीजरोधक लेपासकट)? इनॅमल धरायचं राहिलं असेल, तर ते घरच्या घरी, तार न झिजवता कसं काढावं?