दोन फोन सर्व्हर, तुटलेली फायबर आणि दोन ठिकाणी वाजणारा २१४

उसाचा_काटा:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात आहे. १४० एक्स्टेंशन (अंतर्गत फोन नंबर), फ्रीपीबीएक्स, म्हणजे ॲस्टरिस्क या फोन एक्स्चेंज सॉफ्टवेअरवरचं वेब पान. एक सर्व्हर मुख्य कार्यालयात, दुसरा डिस्टिलरीच्या पॅनल रूमशेजारी. दोन्हीकडे मारियाडीबी डेटाबेस, मास्टर-मास्टर रेप्लिकेशन (कुठेही लिहिलं तरी दुसरीकडे उतरतं), आणि कीपअलाइव्हडची एक सामायिक आयपी, म्हणजे जो सर्व्हर मुख्य त्याच्याकडे जाणारा पत्ता.

गेल्या गुरुवारी केन यार्डात चर खणणाऱ्या जेसीबीने दोन सर्व्हरांमधली फायबर उचकटली. स्प्लायसिंगवाला येईपर्यंत तीन तास गेले. गंमत म्हणजे कुणाची तक्रारच आली नाही. दोन्ही सर्व्हर "मीच मुख्य" म्हणून त्याच आयपीवर बसले आणि फोन आपापल्या बाजूला रजिस्टर झाले. तेवढ्यात मी कार्यालयातून काटा (वजनकाटा) नंबर ३ ला २१४ दिला, आणि डिस्टिलरीतल्या आमच्या पोराने नव्या केमिस्टला तोच २१४ दिला.

फायबर जुळली आणि रेप्लिकेशन १०६२ (तीच किल्ली दुसऱ्यांदा आल्याची चूक) देऊन थांबलं. नेटवर बघून 'स्किप काउंटर' मारला, म्हणजे अडलेली नोंद सोडून पुढे जायला सांगितलं. सात वेळा. आता रेप्लिकेशनच्या स्टेटसमध्ये येस-येस (चालू आहे) दिसतंय, पण कार्यालयातून २१४ लावला की काटा उचलतो, डिस्टिलरीतून लावला की केमिस्ट. शिवाय शेतकी अधिकाऱ्यांचं मोबाईलवरचं फॉरवर्डिंग एकाच सर्व्हरवर दिसतं. ते आधीपासूनच असं असावं.

गाळप चालू आहे, फोन बंद ठेवता येत नाही. काय करू?

रिंगटोन_राव:
डीआरबीडी (दोन सर्व्हरांच्या डिस्क जुळत्या ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, विषय संपला.

जुना_लाइनमन:
राव, डीआरबीडी अख्खी डिस्क जुळवतं हे खरं, पण फायबर तुटल्यावर दोघे मुख्य झाले तर तिथेही हीच फाटाफूट होते. रोग तोच, औषध महाग.

काटेसाहेब, आधी तो स्किप काउंटर विसरा. तो भांडण मिटवत नाही, नुसतं ऐकू येऊ देत नाही. तुमच्या येस-येसचा अर्थ एवढाच की पुढची ओळ आली तर लिहिली जाईल. मागचं जुळलंय का, हे ती खिडकी सांगत नाही. त्यासाठी पर्कोना टूलकिटमधलं टेबल-चेकसम चालवा, ते दोन्हीकडची टेबलं ताडून बघतं. सम-विषम ऑटो-इन्क्रिमेंट (एका सर्व्हरने आपोआप सम क्रमांक द्यायचे, दुसऱ्याने विषम) लावलं असेल, तरी इथे त्याचा उपयोग नव्हता. फोनांची माहिती ठेवणाऱ्या सिप टेबलाची किल्लीच एक्स्टेंशन नंबर आणि की-वर्ड (सेटिंगचं नाव) मिळून होते, आणि २१४ दोन्हीकडे २१४च.

आता दुरुस्ती. कुठली बाजू खरी ते तुम्ही ठरवा, मशीनला विचारू नका. कार्यालय खरं मानलं, तर दोन्हीकडचा बॅकअप घ्या, फ्रीपीबीएक्सचं वेब पान दोन्हीकडे बंद करा, रेप्लिकेशन थांबवा. फक्त 'ॲस्टरिस्क' नावाचा डेटाबेस डिस्टिलरीत चढवा. कॉल नोंदींचा 'ॲस्टरिस्क सीडीआर डीबी' वेगळा आहे, त्याला हात लावू नका. चढवताना त्या सेशनचा बायनरी लॉग (रेप्लिकेशन जिथून बदल वाचतं ती नोंदवही) बंद ठेवा. नाहीतर मास्टर-मास्टरमध्ये तीच भरती उलटी कार्यालयात येईल. मी एकदा हे विसरलो होतो, ती रात्र अजून आठवते. मग डिस्टिलरीत रीलोड मारा. टेबलात ओळ आली म्हणजे फोनला कळलं असं नाही, कारण ॲस्टरिस्क वाचतो त्या कॉन्फ (सेटिंगच्या) फायली रीलोडलाच लिहिल्या जातात. अनेकजण इथेच फसतात.

फॉरवर्डिंगचं कोडं सोपं आहे: ते मारियाडीबीत नसतंच. ॲस्टरिस्कची स्वतःची छोटी वही असते, एएसटीडीबी. पूर्वी ती बर्कली डीबी या प्रकारच्या फाइलीत होती, ॲस्टरिस्कच्या आवृत्ती १० पासून एसक्यूलाइट३ मध्ये. रेप्लिकेशनला तिचा पत्ताच नाही. चालू असताना ती फाइल उचलून दुसरीकडे टाकू नका, तिच्यात फोनची रजिस्ट्रेशनही असतात. सीएफ (कॉल फॉरवर्ड) आणि डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) एवढ्याच कुटुंबातल्या नोंदी 'डेटाबेस शो'ने वाचून पलीकडे 'डेटाबेस पुट' करणारी स्क्रिप्ट रात्री लावा. रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल या फायली, त्यांना आरसिंक (फायली पलीकडे नकलणारी आज्ञा).

पुढे बदल करायचे ते एकाच सर्व्हरवर. डिस्टिलरीचं वेब पान बंदच ठेवा, गरज पडली तर हाताने उघडा. तिथला डेटाबेस रीड-ओन्ली मात्र करू नका, उलटापालट होऊन तो सर्व्हर मुख्य झाला तर कॉल नोंदी लिहिता येणार नाहीत. आणि कीपअलाइव्हडला गेटवे (नेटवर्कचा बाहेर जाणारा दरवाजा) पिंग करून तपासणारी ट्रॅक स्क्रिप्ट द्या. जो गेटवेपर्यंत पोचत नाही त्याने मुख्य होऊ नये.

उसाचा_काटा:
पण मग फायबर तुटली की डिस्टिलरीचे फोन मुकेच?

जुना_लाइनमन:
हो. बॉयलरजवळ लाल बटणाचा जुना हॉटलाइन फोन असेल, तो काढू नका. आणि दुसरी फायबर वेगळ्या वाटेने न्या, त्याच चरातून नको.

उसाचा_काटा:
पहाटे चारच्या पाळीबदलाआधी उरकलं. चेकसम जुळला. आरसिंक उद्या.

२१४ वरून मात्र बैठक झाली. केमिस्टसाहेबांनी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. पण काट्याच्या खोलीच्या पत्र्यावर पोरांनी २१४ ऑइलपेंटने रंगवलाय आणि ट्रॅक्टरवाल्यांना तोच पाठ झालाय. केमिस्ट आता २४१.