हॅरी पार्च यांचे ४३ स्वर रंगमंचावर खरोखर आवश्यक होते का?

प्रश्न : षड्जग्राम

अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च यांच्या ‘डिल्यूजन ऑफ द फ्यूरी’ या संगीतनाट्याचे चित्रीकरण नुकतेच पाहिले आणि त्याचा प्रभाव अजून ओसरलेला नाही. आम्ही काही जण एका प्रायोगिक नाटकासाठी स्वतः वाद्ये तयार करण्याच्या विचारात असल्यामुळे माझ्या शंका केवळ अभ्यासापुरत्या नाहीत. पार्च यांनी सप्तकाचे ४३ स्वर मानले. परंतु ऐकताना मला आधी काचेचा, बांबूचा आणि लाकडाचा नाद जाणवला, आणि लगतच्या दोन स्वरांमधला फरक पुष्कळ ठिकाणी वेगळा ओळखू आला नाही. मग एवढी गणिती मांडणी कशासाठी? प्रचलित वाद्यांचेच सूर बदलून हे काम झाले नसते का? आणि सप्तकातले सूक्ष्म स्वरभेद मानणाऱ्या आपल्या २२ श्रुतींचा या विचाराशी काही संबंध लागतो का?

उत्तर : पायपेटी

४३ या आकड्यापासून पार्च यांनी सुरुवात केली नव्हती. त्यांची सुरुवात बोलण्यापासून झाली. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज बारा ठरावीक पट्ट्यांवर थांबत नाही, आणि शब्द त्या पट्ट्यांवर ओढून बसवले की त्यांतले नाट्य नाहीसे होते, ही पाश्चात्त्य गायनाविषयीची त्यांची मूळ तक्रार होती. १९२३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि शुद्ध गुणोत्तरांची, म्हणजे दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे नाते ३/२, ५/४ अशा पूर्णांकांत मांडण्याची वाट सापडली. १९३० मध्ये त्यांनी व्हायोलिनच्या कुळातल्या व्हायोलाला त्याहून मोठ्या चेलोची लांब, बोटे ठेवण्याची पट्टी बसवून घेतली आणि त्या साथीवर लि पो या चिनी कवीच्या कविता बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या गायनात बांधल्या. १९३४ साली ते डब्लिनला आयरिश कवी येट्स यांना भेटले, तेही येट्स यांनी ‘इडिपस’ या ग्रीक नाटकाच्या केलेल्या रूपांतरासाठीच, ते नाटक संगीतासह रंगमंचावर येण्यास मात्र १९५२ साल उजाडले.

आता हिशेब. मूळ स्वराशी ३, ५, ७, ९ आणि ११ या संख्यांच्या नात्याने येणारी गुणोत्तरे एकत्र मांडली की एका सप्तकात २९ स्वर मिळतात. त्यांच्यामध्ये काही ठिकाणी मोठ्या फटी राहतात, म्हणून पार्च यांनी आणखी १४ स्वर घातले. म्हणजे ४३ ही समान तुकड्यांची विभागणी नाही. लगतच्या दोन स्वरांमधले अंतर जागोजागी बदलते.

प्रचलित वाद्यांचे सूर त्यांनी बदलूनही पाहिले होते. त्यांचे ‘क्रोमेलोडियन’ हे मुळात पायाने भाता चालवायचे, हार्मोनियमसारखे धातूच्या पत्त्यांचे ऑर्गन होते, म्हणजे आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनच्याच कुळातले. पण पत्त्या नव्या सुरांत लावल्यावर एका सप्तकासाठी ४३ पट्ट्या लागतात, त्यामुळे पूर्वी साडेतीन सप्तके जेवढी जागा व्यापत, तेवढ्या जागेत आता एकच सप्तक मावते. पट्ट्यांवर रंग आणि गुणोत्तरे लिहून वादकाला वाट दाखवावी लागते. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मला या पट्ट्यांवरच दिसते : सूर बदलता येतात, पण बारा स्वरांसाठी घडलेली वाद्याची ठेवण हाताला अडवत राहते.

उत्तर : नेपथ्यशाळा

वरील उत्तर स्वरांपुरते पटते. तरीही षड्जग्राम यांनी जे ऐकले ते चुकीचे ऐकले असे मला वाटत नाही. पार्च यांची सर्व वाद्ये ४३ स्वरांच्या शिस्तीत बसत नाहीत. बर्कलीच्या विद्यापीठातील प्रारण प्रयोगशाळेत टाकून दिलेले पायरेक्स काचेचे मोठे बुधले कापून त्यांनी ‘क्लाउड चेंबर बोल्स’ केले आणि ते लाकडी चौकटीला टांगले. अशा काचेला हवा तो सूर लावता येत नाही. जो निघेल तो स्वीकारायचा आणि रचनेत त्याची जागा शोधायची. त्यातच मुख्य नादाबरोबर त्याच्याशी न जुळणारे वरचे नाद निघतात. एखादा तुकडा फुटला, तर नेमका तोच सूर देणारा दुसरा मिळणे फार अवघड. ‘मरिंबा इरोइका’ या लाकडी फळ्यांवर आघात करून वाजवायच्या वाद्याच्या चार प्रचंड फळ्यांपैकी सर्वांत खालची सेकंदाला सुमारे २२ कंपने देते. कानाची मर्यादा जवळपास तिथेच संपते. तो आघात कानाआधी शरीराला कळतो.

हे वाद्य वाजवणारा माणूस लपवून कसे चालेल? ‘डिल्यूजन’मध्ये (रचना १९६५-६६, पहिला प्रयोग १९६९, लॉस एंजेलिस) वाद्ये हेच नेपथ्य आहे आणि वादक हाच समूह आहे. पहिल्या अंकात जपानी ‘नो’ नाट्यपरंपरेतली, योद्ध्याच्या हत्येच्या प्रायश्चित्ताची कथा आहे. दुसऱ्या अंकात इथिओपियातील लोककथा असून तिच्यात बहिरा भटक्या आणि शेळी शोधणारी म्हातारी यांचा तंटा बहिऱ्या न्यायाधीशापुढे जातो. शब्द जवळजवळ नाहीतच, त्यामुळे अर्थ वादकांच्या हालचालींतून आणि नादांतून उभा राहतो. आपल्याकडे ऑर्गन-तबल्याची साथ प्रेक्षकांच्या नजरेबाहेर ठेवण्याची सवय इतकी पक्की आहे की प्रायोगिक गटही तिच्यावर क्वचितच प्रश्न विचारतात, आणि मला याचे वाईट वाटते.

२०१३ मध्ये हायनर गोबेल्स यांनी जर्मनीतील बोखुम येथे हे नाट्य बसवले, तेव्हा कलोनच्या ‘म्यूझिकफाब्रिक’ या वाद्यवृंदासाठी पार्च यांच्या वाद्यांच्या प्रतिकृती घडवाव्या लागल्या आणि वादकांना प्रत्येक वाद्य नव्याने शिकावे लागले. तुमच्या गटाने तालमींचे वेळापत्रक आखताना याचा विचार जरूर करावा.

उत्तर : गंधारभेद

श्रुतींविषयी थोडेसे. ५/४ हा गंधार दोन्हीकडे आहे, आणि ९/८ व १०/९ या दोन ऋषभांमधले ८१/८० एवढे सूक्ष्म अंतरही दोन्हीकडे मानले जाते. डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची हार्मोनियम ऐकली असेल, तर हे अंतर कानाला कळते याबद्दल शंका उरणार नाही. पण साम्य यापुढे फारसे जात नाही. २२ श्रुतींची प्रचलित गणिती मांडणी २, ३ आणि ५ या संख्यांवर उभी आहे. पार्च ७ आणि ११ ला समान अधिकार देतात, आणि तिथून येणारे ७/६ किंवा ११/८ असे स्वर आपल्या कानाला परके वाटतात. शिवाय आपल्याकडे प्रत्येक श्रुतीचा अर्थ तंबोऱ्यातल्या षड्जावर ठरतो, तर पार्च यांच्या रचनेत आधारस्वर सतत बदलू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी, की आधी तुमच्या नाटकातले मराठी संवाद नटांकडून बोलून घेऊन ध्वनिमुद्रित करावेत, त्यांतला चढउतार तंबोऱ्याबरोबर ताडून पाहावा आणि किती स्वर लागतील ते त्यानंतर ठरवावे. नऊच लागले, तर नऊ स्वरांचेच वाद्य घडवावे.