मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ विचारणं बंद व्हायला हवं

माळरान:
आडनाव सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले: मूळ गाव कुठलं, वडील काय करतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावाचा. २००७ साली आलेला निष्कर्ष असा: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचे ऑड्स (बोलावणं येणं आणि न येणं यांचं प्रमाण) ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. हे नुसत्या नावावर. समोर बसवून घरदार विचारल्यावर काय होत असेल?

भरतीवाला:
अजिबात पटलं नाही. चाकणला भरती करतो. खेड्यातल्या पोराला थेट ड्रॉइंग वाचायला दिलं की गांगरतो, घरचं विचारलं की बोलता होतो. शिवाय रात्रपाळीला टिकेल का, खोली करून राहील का, हे कळायला नको? तुमचा अभ्यास टपालाने पाठवलेल्या अर्जांचा आहे, मुलाखतीचा नाही.

सई_ठाणे:
रात्रपाळी चालेल का, हे सरळ विचारा ना! त्यासाठी बाप कशाला हवा? मी पॅनेलवर असताना एका मुलाने “आई-वडील ऊसतोडीला जातात” सांगितलं. मुख्य साहेबांनी पेन खाली ठेवलं. बास. बाकीच्यांनी एकही अवघड प्रश्न विचारला नाही, पाच मिनिटांत उरकलं. त्याला कमी लेखणारं एक वाक्यही कुणी बोललं नाही, तरी निकाल लागला होता. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवलंच आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेची लांबीसुद्धा माणसं चारचौघांचं ऐकून चुकीची सांगतात. म्हणून प्रत्येकाने आधी गुण लिहावेत, मग तोंड उघडावं.

जुना फिटर:
केंद्राने १ जानेवारी २०१६पासून गट ‘क’च्या मुलाखतीच बंद केल्या. म्हणून न्याय झाला का? लेखी परीक्षेत क्लासला पैसे भरणारा पुढे जातो. हात चांगला पण कागद कच्चा, असा माणूस समोर बसल्यावरच कळतो. मुलाखत हवीच.

माळरान:
मुलाखत बंद करा असं म्हटलेलंच नाही. हाताचं काम करून घ्या, बाप विचारू नका.

भरतीवाला:
आधी गुण लिहायचं मान्य. पण आमच्याकडे गुण पेन्सिलने लिहितात आणि साहेबांशी बोलणं झाल्यावर ‘ॲडजस्ट’ करतात. नाही म्हणणाऱ्याची पुढची बढती त्यांच्याच हातात.

सई_ठाणे:
मग शाईने लिहा, खाली सही करा, आणि बदल केला तर कारण बाजूला लिहायला लावा. एवढं तुमच्या खात्यापुरतं तरी तुम्हाला करता येईल.