वैशाखातल्या लग्नाचा मांडव घरीच सजवायचा आहे. उन्हात काय टिकेल?

प्रश्न : पऱ्हाटी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी.

माझ्या पुतणीचे लग्न वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात गावीच, घरासमोरच्या मोकळ्या जागेत होणार आहे. मांडवाची सजावट विकत न घेता घरच्या हातांनी करावी असे आम्ही तिघी जावांनी ठरवले असून शेजारच्या सात-आठ मुली मदतीला येणार आहेत. मांडव ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद असेल, तीन बाजूंनी उघडा राहील आणि समोर १० फुटांचे प्रवेशद्वार असेल. होळी नुकतीच झाली आहे, त्यामुळे हाती साधारण दोन महिने आहेत.

मला खरी काळजी उन्हाची आहे. मागच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात आम्ही आंब्याच्या पानांची आणि झेंडूची तोरणे आदल्या संध्याकाळी ओवून बांधली होती. दुसऱ्या दिवशी अकराचा मुहूर्त होता आणि वरात दारात येईपर्यंत पानांच्या कडा आत वळून त्यांच्या नळ्या झाल्या होत्या, झेंडूने माना टाकल्या होत्या. नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत ते करपलेले तोरण दिसते आणि ज्या मुलींनी रात्रभर जागून ते केले होते, त्यांना आजही त्याचे वाईट वाटते. या वेळी त्यांचे कष्ट वाया जाऊ नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मंडपवाले थर्माकोलची कमान आणि प्लास्टिकची फुले भाड्याने द्यायला तयार आहेत, परंतु घरच्या मुलीच्या लग्नात ते लावायला मन घेत नाही. आमच्याकडे धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) बांबू आहे, सासूबाईंची जुनी सुती पातळे आहेत, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या बोंडांच्या वाळलेल्या कवचांचे एक पोते भरून ठेवले आहे आणि शेताच्या कडेला पळस फुललेला आहे. यांतून आताच काय करून ठेवता येईल आणि आदल्या रात्रीसाठी काय राखावे? नवरा-नवरीच्या नावांची अक्षरे थर्माकोलशिवाय कशाची करावीत? वादळी पाऊस आला तर काय, याचाही विचार मनात आहेच.

उत्तर : वैनगंगाकाठ (जि. भंडारा)

ताई, पाने का करपली ते आधी सांगते, म्हणजे पुढचे नियोजन सोपे होईल. पान फांदीवरून तोडले की त्याला पाणी मिळायचे थांबते, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कोरडा वारा त्यातला ओलावा काही तासांत काढून घेतो. पूर्वीच्या लोकांनी मांडवावर सुटी पाने न घालता जांभळीचे आणि आंब्याचे डहाळे घातले, कारण फांदीला लागलेले पान तिच्यातल्या ओलाव्यावर जास्त वेळ तग धरते आणि जांभळीचे पान मुळातच जाड, चिवट असते. तुम्हीही छतावर आणि खांबांना डहाळेच घ्या, सुट्या पानांचे तोरण मोजक्या ठिकाणी ठेवा.

मोजक्या ठिकाणी असे का म्हणते, त्याचा हिशेब पाहा. दर दोन इंचांना एक पान धरले तर १० फुटांच्या दाराला ६० पाने लागतात, आणि तीन उघड्या बाजूंच्या ११० फुटांना ६६० पाने लागतील. एवढी पाने लग्नाच्या सकाळी ओवणे सात-आठ मुलींना झेपणार नाही आणि आदल्या दिवशी ओवली तर मागच्या वर्षीसारखेच होईल. म्हणून हिरवे तोरण प्रवेशद्वार, घराची चौकट आणि बोहले या तीन जागांसाठीच राखावे, बाकी सगळा मांडव कोरड्या सजावटीने आताच तयार करून ठेवावा.

हिरव्या तोरणाची पाने लग्नाच्या दिवशी उजाडण्यापूर्वी तोडावीत. कोवळी तांबूस पाने लवकर सुकतात, म्हणून गडद हिरवी, जून पानेच घ्यावीत. तोडलेली पाने ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावीत आणि लागतील तशी बाहेर काढावीत. सुई-दोऱ्याऐवजी मी ज्यूटची सुतळी घेते, ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवते आणि पानाचे देठाकडचे टोक सुतळीवरून मागे दुमडून बांबूच्या हिराने (बारीक काडीने) टाचते, अगदी पळसाची पत्रावळ टाचतो तसेच. ओली सुतळी दुमडलेल्या भागाला बराच वेळ गारवा देते आणि हात बसला की हे काम ओवण्यापेक्षा लवकर उरकते. पोरींना आतापासून चार-दोन वेळा सराव द्या.

झेंडू आदल्या दिवशी आणलात तरी चालेल, मात्र तो पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण बुडवलेले फूल आतून सडते. टोपल्यात ओले सुती फडके अंथरून त्यावर फुले एका थरात पसरावीत, वरून दुसरे ओले फडके घालावे आणि टोपले घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. ओवताना सुई पाकळ्यांतून न नेता खालच्या हिरव्या, टणक भागातून न्यावी, म्हणजे फूल दोऱ्यावर ताठ राहते.

आता कोरड्या तोरणाबद्दल. आमच्याकडे धान निघाला की लोंब्यांची तोरणे करून दारावर लावतात आणि ती वर्षभर टिकतात. तुमच्याकडे या दिवसांत गहू निघत असेल. ओंब्या पूर्ण कडक होण्याच्या थोड्या आधी, हातभर काडीसह कापून घ्या, कारण पूर्ण वाळलेल्या ओंबीतून दाणे गळतात. त्या सावलीत उलट्या टांगून वाळवल्या तर सोनेरी रंग राहतो, उन्हात टाकल्या तर पांढरट पडतात. वेणी घालण्यापूर्वी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्या लागतात, कोरडी काडी वळवताना मोडते. तयार तोरणे छताला दोरीने टांगून ठेवा, जमिनीवर ठेवली तर उंदीर एका रात्रीत फडशा पाडतात.

उत्तर : धांडा (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

अक्षरांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या आसपासच्या एखाद्या कडब्याच्या गंजीत आहे. ज्वारीच्या धांड्याची वरची साल सोलली की आत पांढरेशुभ्र, हलके भेंड निघते आणि ते कापायला, टोचायला, चिकटवायला थर्माकोलसारखेच वागते. लहानपणी आपण सगळ्यांनी याच भेंडाच्या बैलगाड्या केलेल्या आहेत. बंगालमध्ये नवरदेवाचा पांढरा टोपोर (मुकुट) शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाचा करतात, आणि आपले ज्वारीचे भेंड त्याच्याइतके मऊ नसले तरी या कामाला पुरेसे आहे. सोयाबीन आल्यापासून आपल्या भागात ज्वारीचा पेरा फार कमी झाला आहे, तेव्हा कोणाकडे कडबा शिल्लक आहे याची चौकशी तो कुट्टी होण्याआधी करा.

मी शाळेत शिकवत असताना मुलांकडून दरवर्षी हे काम करून घेत असे, म्हणून पद्धत सविस्तर लिहितो. अंगठ्याएवढ्या जाडीचे, डाग किंवा कीड नसलेले धांडे निवडावेत आणि दोन गाठींमधले पेर तेवढे कापून घ्यावे. साल वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी निघते. ती फेकू नये, कारण तिच्याच बारीक काड्या टाचण्या म्हणून लागतात, पण ती धारदार असते, तेव्हा लहान मुलांच्या हाती सोलण्याचे काम देऊ नये. धारदार पात्याने उघड्या भेंडाच्या पाव इंच जाडीच्या चकत्या कापाव्यात. पात्याची धार गेली की चकती दबते आणि तिच्या कडेला तंतू निघतात, म्हणून पाते वारंवार बदलावे. मध्ये एक चकती आणि भोवती पाच चकत्या सालीच्या काडीने टोचल्या की फूल होते.

अक्षरांसाठी जाड पुठ्ठ्यावर किंवा बांबूच्या तट्ट्यावर खडूने अक्षर काढून त्या रेषेवर चकत्या एकमेकींना लागून चिकटवाव्यात. एक फूट उंचीच्या अक्षराला साधारण ६० ते ७० चकत्या लागतात. मैद्याची खळ पुरते, मात्र तिला मुंग्या आणि किडे लागतात. जुने पुस्तकबांधणी करणारे तीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी आहे, म्हणून त्या खळीचे भांडे वेगळे ठेवावे आणि तिथे लहान मुलांना येऊ देऊ नये. भेंड रंग लगेच पिते. रंगाच्या पाण्यात क्षणभर बुडवून काढावे आणि दोन दिवस सावलीत सुकवावे. ओलसर राहिले तर बुरशी धरते.

थर्माकोलबद्दल एवढेच सांगतो की सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. मंडपवाल्यांना ही गोष्ट शांतपणे सांगितली तर आग्रह उरणार नाही.

उत्तर : काळी माती (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

बोंडांची कवचे अतिशय सुंदर दिसतात. चार-पाच पाकळ्यांचे लाकडी फूलच ते. कालवलेल्या चुन्यात बुडवून पांढरे केले तर रात्री दिव्यात फार उठून दिसते. पण एक कळकळीची विनंती आहे. गुलाबी बोंडअळी अशाच उरलेल्या बोंडांमध्ये आणि पऱ्हाट्यांमध्ये (कपाशीच्या वाळलेल्या झाडांत) दडून राहते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर जाते. २०१७ मध्ये आपण सगळ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. ते पोते आजच अंगणात रिकामे करा, न उघडलेली, किडकी किंवा छिद्रे असलेली बोंडे वेगळी काढून जाळून टाका आणि उरलेली कवचे उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून कडक उन्हात वाळवा. लग्न झाल्यावरही ती गोठ्यात पडू देऊ नका.

उत्तर : कमची (जि. गडचिरोली)

कमानीसाठी ओला बांबूच घ्यावा, कारण वाळलेला बांबू वाकवताना तडकतो. कमची (बांबूची चिरलेली पट्टी) काढताना बाहेरची हिरवी साल शाबूत ठेवावी, सगळी ताकद तिच्यात असते, आणि वाकवताना ती साल कमानीच्या बाहेरच्या अंगाला येईल असे पाहावे. कमच्या रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी वाकवा आणि हव्या त्या गोलाईत बांधून चार दिवस सावलीत राहू द्या, मग त्या तोच आकार धरतात. आणखी बांबू लागला आणि एखाद्या नातेवाइकाच्या धुऱ्यावरून आणायचा झाला तर शंका मनात ठेवू नका. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला असून वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला त्या कायद्याचा तोड-वाहतुकीचा परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी आहे, तो ग्रामसभेच्या किंवा वनखात्याच्या रीतसर विक्रीतूनच घ्यावा.

वाऱ्यासाठी पतंगी कागदाच्या झिरमिळ्या टाळा. त्या वावटळीत फाटतात आणि पावसाचे चार थेंब पडले तरी त्यांचा रंग पाहुण्यांच्या कपड्यांवर उतरतो. तुमच्याकडे सुती पातळे आहेत ना? पातळ आधी घट्ट खळीत बुडवून ताणून वाळवा आणि मग सहा इंच रुंद, आठ इंच उंच असे त्रिकोण कापा, म्हणजे कडेचे दोरे सुटत नाहीत. फाटका भाग सोडला तरी एका पातळातून २५० च्या आसपास त्रिकोण निघतात आणि मध्ये चार-चार इंच जागा सोडून ओवले तर २०० फुटांहून अधिक दोरी भरते. तुमच्या तिन्ही बाजू एका पातळात होतात.

ओंब्या, भेंड, कापड हे सगळे पेट घेणारे आहे. आचाऱ्याची भट्टी मांडवापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, होमाच्या वरच्या भागात काहीही टांगू नका, हॅलोजनऐवजी एलईडी दिवे घ्या आणि पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवा.

पुन्हा : पऱ्हाटी

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. पोते त्याच दिवशी रिकामे केले आणि त्यात खरोखरच चार अळ्या निघाल्या. भेंडाची पहिली सात अक्षरे तयार झाली असून माझी धाकटी जाऊ चकत्या इतक्या एकसारख्या कापते की दोन हातांवरून ते थर्माकोल नाही हे सांगावे लागते.

एक अडचण आली आहे. निम्मे त्रिकोण हळदीत आणि निम्मे पळसाच्या फुलांच्या काढ्यात रंगवले आणि वाळण्यासाठी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीला लागून टांगले. सकाळी हळदीच्या कापडावर जिथे-जिथे भिंत लागली होती तिथे लालभडक डाग पडलेले होते. हे कापड वाया गेले का?

उत्तर : वैनगंगाकाठ

वाया गेलेले नाही, ताई. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्याच गुणावर करतात. लिंबू पिळलेल्या पाण्यात कापड बुडवून काढा, डाग पुन्हा पिवळा होईल; त्यानंतर साबण मात्र लावू नका, साबणानेही तसेच होते. तरीही हळदीचे त्रिकोण मांडवाच्या आतल्या, सावलीच्या बाजूला लावा, कारण कडक उन्हात हा रंग दोन-तीन दिवसांत उतरतो. बाहेरच्या बाजूला पळसाचे लावा आणि उरलेले कापड रंगवण्यापूर्वी तासभर तुरटीच्या पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे रंग कापडाला धरून राहील. पळसाची फुले आणखी पंधरा दिवसच मिळतील, तेव्हा झाडाखाली पडलेली रोज सकाळी वेचून सावलीत वाळवायला घाला.