वेशीबाहेर सोडून दिलेली कुत्री-मांजरं

गावाबाहेर आणून सोडलेल्या पाळीव जनावरांचं पुढे काय होतं आणि त्यांना कसं सांभाळून घ्यावं, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं.

*

सोडलेलं कुत्रं लगेच हिंडत नाही. गाडीतून उतरवलं तिथेच दिवसच्या दिवस वाट बघत बसतं. मागे धावलात तर तीही जागा सोडतं, मग सापडत नाही. रोज ठरलेल्या वेळी तिथेच पाणी आणि थोडं खाणं ठेवा, थोडं दूर पाठमोरे बसा, नजर भिडवू नका. भांडं रोज हातभर जवळ घ्या.

गळ्यात पट्टा असेल तर बोटं घालून तपासा. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. तो कातडीत रुततो आणि केसांखाली दिसतही नाही, आधी वास येतो. ओढू नका, डॉक्टर भूल देऊन काढतील.

*

वरच्या 'थोडं खाणं' या शब्दांवर माझा भर. बरगड्या दिसणाऱ्या जनावराला दयेपोटी पोटभर घालतात आणि ते त्यानेच दगावतं. दीर्घ उपासानंतर एकदम अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदय बिघडतं. पहिल्या दिवशी रोजच्या गरजेचा पाव हिस्सा, तोही चार-पाच वेळा विभागून. पूर्ण खुराकावर यायला चार ते दहा दिवस लागू द्या.

*

मांजरांना पॅरासिटामॉल कधीच नको. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

*

डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं दिसली तर आधी दुरून दोन-तीन तास पाहा, आई शिकारीला गेलेली असते. नसेलच, तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधानं जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा. पालथं ठेवूनच पाजा, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, आणि दर वेळी कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली पुसा. त्याशिवाय त्यांना लघवी होत नाही.

*

घरी कुत्री असतील तर नवं कुत्रं 14 दिवस वेगळं ठेवा. त्याला पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू, असू शकतो आणि तो फिनाईलनं मरत नाही. घाण धुऊन 1 भाग द्रव ब्लीच, 30 भाग पाणी, दहा मिनिटं. मातीवर मात्र हा उपाय चालत नाही, तिथे विषाणू अनेक महिने टिकतो. त्या अंगणात लस न झालेलं पिल्लू सोडू नका.