मदत हवी आहे: रास्पबेरी पायवरचा घरगुती म्युझिक सर्व्हर संध्याकाळी अडखळतोय

मंडळी, जरा डोकं लावा, माझं तर चालेनासं झालंय.

बाबांच्या कॅसेटी न् सीड्या मिळून सहाशेच्या आसपास अल्बम मी दोन वर्षं बसून फ्लॅकमधे (दर्जा न घालवता गाणं साठवायचा फाइल प्रकार) उतरवले, २०० जीबीच्या वर झालेत. ते सगळं अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्कवर, डिस्क रास्पबेरी पाय ४ ला (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो), त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर (आधीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, तोच). हा डबा बेडरूममधे, वायफायवर. हॉलमधे पाय ३ ला पीसीएम ५१०२ चिपचं डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारं) लावून जुन्या अँप्लिफायरला जोडलाय, कारण पायच्या स्वतःच्या जॅकमधून तानपुऱ्यामागे सारखी खरखर यायची. स्वयंपाकघरात पाय झिरो डब्ल्यू, यूएसबी साउंड कार्ड आणि छोटा स्पीकर. दोन्हीकडे पायकोअरप्लेयर (सर्व्हरवरची गाणी वाजवणारी छोटी सिस्टिम), तो रॅममधून चालतो म्हणून, नाहीतर आमच्याकडे लाईट जायची आणि आधीच्या सिस्टिमची दोन एसडी कार्डं त्यातच बाद झाली.

आता रडगाणं. सकाळी सगळं मस्त. संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघरात गाणं तुटत तुटत येतं, काल किशोरीताईंचा भूप आलापातच तीनदा थांबला, आई म्हणे रेडिओच बरा होता, निदान जाहिरात लावून तरी थांबायचा. आणि आठवड्यातून एकदोनदा दोन्ही खोल्यांत एकदम बंद, सर्व्हर म्हणतो फाइल सापडत नाही, रिस्टार्ट केला की परत ठीक.

राउटर रिस्टार्ट करून झालाय. सर्व्हरला मोबाइलचा पडून असलेला चार्जर लावलाय, थ्रॉटलिंगची (पाय स्वतःचा वेग कमी करतोय का ते बघायची) कमांड दिली तर शेवटी ५०००० असा आकडा आला, त्याचा अर्थ काय? पाय झिरो बदलू का?

अजून एक, भीमसेनजी यादीत तीन ठिकाणी दिसतात: मराठीत, इंग्रजी स्पेलिंगमधे आणि 'पं.' लावून. काही सोपा उपाय?

प्रतिसाद १
काही विकत घेऊ नका, थांबा. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत.

दोन्हीकडे एकदम बंद म्हणजे डिस्क सुटतेय. ५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलंय आणि पायने स्वतःचा वेग कमी केलाय, आत्ता ठीक असलं तरी. डिस्क करंट त्याच पायकडून ओढते. ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर लावा, (हो, हा एक घ्यावा लागेल.)

संध्याकाळचं तुटणं वायफायचं. झिरो डब्ल्यूला फक्त २.४ गीगाहर्ट्झ कळतं, आणि सातनंतर अख्खी सोसायटी तिथेच. सर्व्हरपण वायफायवर म्हणजे गाणं हवेतून दोनदा जातं, आधी राउटरला, मग प्लेयरला. सर्व्हर राउटरशेजारी नेऊन लॅन केबल लावा. वायफायवरच ठेवायचा असेल तर डिस्क निळ्या (यूएसबी ३) पोर्टमधून काढून काळ्यात (यूएसबी २) घाला, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ मधे येतो. सीडीचं गाणं सेकंदाला जेमतेम १४११ किलोबिट, यूएसबी २ ला ते काहीच नाही.

टॅगसाठी (फाइलमधल्या कलाकार-अल्बमच्या नावांसाठी) पिकार्ड हे सॉफ्टवेअर वापरा, तिन्ही नावं निवडून कलाकार आणि अल्बम आर्टिस्ट दोन्ही रकान्यांत एकच लिहा, मग लायब्ररी पूर्ण रिस्कॅन.

धागाकर्ता
डिस्क काळ्या पोर्टात घातली, आज साडेसात ते नऊ एकदाच तुटलं. अडॅप्टर शनिवारी आणतो. लॅनची केबल हॉलपर्यंत ओढायला बाबा भिंतीला खिळे मारू देत नाहीयेत, तर सर्व्हरच टीव्हीच्या कपाटात सरकवतोय. बंद कपाटात पाय ४ फार तापेल का?