खंदक तटाच्या आत

उत्तर आयर्लंडातला नॅव्हन फोर्ट म्हणजे आयरिश दंतकथांतल्या कोनोर राजाची राजधानी एव्हन माखा. पण त्याला 'अभेद्य किल्ला' म्हणतात, ते मला पटत नाही. तिथे खंदक तटाच्या आतल्या बाजूला आहे! असा खंदक शत्रूला काय अडवणार? आपल्याकडचा कुठलाही किल्लेदार हसला असता.

उत्खननात आत ४० मीटर व्यासाची लाकडी वास्तू सापडली. मधल्या ओकच्या खांबाची वर्षवलयं मोजली, तर झाड इ.स.पू. ९५-९४ च्या सुमारास तोडलेलं निघालं. पुढे ती वास्तू दगडांनी भरली, मुद्दाम जाळली आणि वर मातीचा ढिगारा रचला. म्हणजे विधीचीच जागा असणार. शिवाय तिथे बार्बरी माकडाची कवटी मिळाली, थेट उत्तर आफ्रिकेकडची! मला तर दंतकथांपेक्षा हीच गोष्ट जास्त अद्भुत वाटते.